छत्तीस गुणांची घोडी

डोंबिवलीत दात दुखू लागला तर दुखण्यापेक्षा निवडीचाच ताप जास्त. फडके रोडवरून निघून मानपाडा रोडला लागेपर्यंत दर दुसऱ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना. खाली चिक्कीचं दुकान, वर दवाखाना. रोग आणि इलाज एकाच जिन्यावर. कुठल्याही घरात डोकवा. मुलीच्या दातांना तारा, आईच्या दाढेला टोपी, आजोबांना कवळी आणि या सगळ्याचे हप्ते वडिलांच्या नावावर. ठाण्याकडे सरकावं तसे दवाखान्यातले सोफे मऊ होत जातात आणि हप्ते लांब.

अशा या दंतसंपन्न पट्ट्यात एक रहिवासी मात्र असा आहे, की ज्याचे दात जवळजवळ आयुष्यभर हिरडीतून वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि ज्याच्या नावाची पाटी एकाही जिन्यावर नाही. हा रहिवासी म्हणजे घोडा.

आमच्याकडे घोडे आहेत कुठे, असं ज्याला वाटत असेल त्याने लग्नसराईत संध्याकाळी सातला कल्याणच्या मुरबाड रोडवर रिक्षात बसून दाखवावं. पुढे जे काही अडलेलं असतं ते घोडंच असतं. एरवी हा पट्टा घोड्याला फार पूर्वीपासून ओळखतो. घोडबंदरला पोर्तुगीजांच्या अमलात गलबतांतून अरबी घोडे उतरत, असं सांगतात. तसला एखादा घोडा आज घोडबंदर रोडला सोडला, तर दिवेलागणीपर्यंत तो गायमुखाच्या चढालाही लागायचा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडलेली होती, आणि त्या दिवशी ठाण्याच्या घोड्याची पहिली नोकरी गेली. पुढच्याच वर्षी गाडी कल्याणला पोचली. तरी स्टेशन ते घर एवढा टापू घोड्याने हातचा राखला होता. कल्याण स्टेशनाबाहेरचे टांगे आमच्या पिढीने पाहिलेत, त्यांत बसून पाहुण्यांकडे गेलोय. मग रिक्षा आली. तिला चंदी लागत नाही, ती लीद टाकत नाही आणि जवळचं भाडंही घेत नाही.

आता घोड्याच्या वाट्याला उरली ती समारंभांची कामं. लग्नाची वरात, शिवजयंती, आणि आमचा गुढीपाडवा. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९९ साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि मग ती गावोगाव पसरली. त्या यात्रेत घोड्यावर कधी जिजाऊ असतात, कधी झाशीची राणी, कधी शाळेची परीक्षा बुडवून आलेले बालशिवाजी. सगळ्यांचे फोटो निघतात. घोड्याचाही निघतो, पण झुलीचा, तुऱ्याचा, फार तर डोळ्यांचा. घोड्याने तोंड उघडलं की फोटो काढणारा म्हणतो, थांबा, जरा बंद होऊ दे.

घोड्याच्या तोंडात मुद्दाम डोकावणारा माणूस मला भेटला तो आमच्याच सोसायटीत. आबा मूळचे शहादा तालुक्यातले, सारंगखेड्याच्या अलीकडचे. ज्यांना सारंगखेडं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. देशभरातले घोडे तिथे येतात आणि किमती ऐकून आपण आपला फ्लॅट स्वस्तात घेतला असं वाटू लागतं. त्या बाजारात लहानपण गेलेला माणूस मुलाच्या नोकरीमुळे डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर आला, म्हणून काही त्याची नजर बदलत नाही. रिक्षात बसतानाही आबा आधी टायर बघतात.

सोसायटीतल्या एका लग्नासाठी घोडी ठरवायला कल्याणला जे शिष्टमंडळ गेलं, त्यात सेक्रेटरी, नवरदेवाचे मामा, आबा आणि मी असे होतो. घोडीचं नाव बिजली. नाव बिजली, स्वभाव लोडशेडिंगचा. पांढरीशुभ्र, पापण्यांपर्यंत पांढरी, एका पायावर भार टाकून डुलक्या घेत उभी. सेक्रेटरींनी झूल धुतलेली आहे का ते पाहिलं. मामांनी दर विचारला आणि दर ऐकून, आधी विचारायला नको होता असा चेहरा केला. आबा काही न बोलता पुढे गेले, घोडीच्या मानेवरून हात फिरवत तोंडापाशी आले, आणि डाव्या हाताने तिची नाकाडी धरून उजव्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ असा काही खाली ओढला, की बिजली आमच्याकडे बघून हसल्यासारखी दिसू लागली.

"चाचा, वय काय हिचं?"

"सात," घोडेवाले चाचा म्हणाले.

"आणि मागल्या साली?"

"मागल्या सालीपण सातच असेल."

यात चाचांची लबाडी फारशी नाही. भाड्याच्या घोडीचं वय सातच असतं. विवाहमंडळाच्या फॉर्मवर नवऱ्या मुलाचा पगार असतो, तशातला तो आकडा. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवावा अशी लिहिणाऱ्याचीही अपेक्षा नसते. पण आबांच्या हाती पुरावा होता. त्यांनी आम्हाला एकेकाला जवळ बोलावून दाखवलं. खालचे पुढचे दात वरून पाहिले की कोवळ्या घोड्यात लांबट दिसतात, प्रत्येकाच्या मध्ये एक काळी वाटी. वय वाढतं तशी वाटी भरते, पुसते, दात गोल होतो, मग तिकोनी. बाजूने पाहिलं तर तरुणाचे दात उभे भिडलेले, म्हाताऱ्याचे पुढे कललेले. बिजलीच्या वाट्या केव्हाच पुसल्या होत्या आणि गोलाईला कोपरे फुटत होते.

"चौदा," आबा म्हणाले. "पंधरा म्हणा. सात काही नाही भो."

मामांना एकदम धीर आला. दराची बोलणी नव्याने सुरू झाली.

ही विद्या आजची नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत ती एका श्लोकात बसवली आहे. सहा पांढरे दात म्हणजे वर्षाचं शिंगरू, तेच मळकट तांबूस झाले की दोन वर्षांचं. मग मधली जोडी पडून नवी आली की तीन, तिच्या शेजारची बदलली की चार, कडेची बदलली की पाच. तिथून पुढे तीन-तीन वर्षांचा टप्पा: दातांवर आधी काळी खूण, मग पिवळी, मग पांढरी, काचेसारखी, मधाच्या रंगाची, शंखाच्या रंगाची, मग खड्डा, मग दात हलणं, मग पडणं. पाचात तीन मिळवले की आठ, म्हणजे काळ्या खुणेची मुदत आठव्या वर्षी संपली. आजची पशुवैद्यकाची पुस्तकंही खालच्या दातांवरच्या वाट्या आठाच्या सुमाराला पुसतात असंच सांगतात. एका श्लोकात एवढा अभ्यासक्रम बसवणारा हा माणूस डोंबिवलीत असता, तर त्याने क्लास काढला असता आणि बॅचेस फुल्ल गेल्या असत्या.

साहेबाने याच विद्येत एका रेघेची भर घातली. वरच्या जबड्यात कोपऱ्यातल्या पुढच्या दातावर, हिरडीपाशी, दहाव्या वर्षाच्या सुमाराला एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्या वर्षी ती निम्म्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी पार टोकाला. सिडनी गॅल्वेन नावाचा घोडे माणसाळवणारा एकोणिसाव्या शतकात गावोगाव फिरून या खाचेबद्दल सांगत असे, म्हणून ती त्याच्या नावावर लागली. आणि जिथे तपासणारे हुशार झाले तिथे विकणारे मागे कसे राहतील? इंग्लंडातले लबाड व्यापारी म्हाताऱ्या घोड्याच्या दातांवर वाट्या कोरत, त्या डागून काळ्या करत आणि घोडा तरुण म्हणून खपवत. तिकडे या कलेला बिशपिंग म्हणतात. आपल्याकडे असल्या खटाटोपाची गरज पडली नाही, सात म्हटलं की भागतं.

गंमत अशी की लग्नाची घोडी म्हटल्यावर लोकांना ती पांढरीशुभ्र हवी असते आणि तरुणही हवी असते. नुकरा जातीचे घोडे जन्मतःच पांढरे असतात, ते सोडा. बाकी बहुतेक पांढरे दिसणारे घोडे शिंगरू असताना काळपट किंवा तांबडे असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. म्हणजे घोड्याचं पिकणं आपण शुभ मानतो आणि त्याच्या पाठीवर बसणारा माणूस कलप लावून बसतो.

या दराच्या बोलण्यांत सेक्रेटरींनी, आपण मागे पडतोय असं वाटून, एक म्हण टाकली: धर्माची गाय आणि दात का गं नाय. ती इथे बसत नव्हती. एक तर घोडी धर्माची नव्हती, चांगली तासाच्या दराने होती. दुसरं म्हणजे गायीला वरचे पुढचे दात मुळातच नसतात. ही म्हण ज्याने रचली त्याने एक तर गाय कधी नीट पाहिलेली नव्हती, किंवा फारच नीट पाहिलेली होती. घोडीचं तसं नाही. नर घोड्याला सुळे धरून ४० दात, घोडीला सहसा सुळे येत नाहीत म्हणून ३६. कधीमधी पहिल्या दाढेपुढे एखादा खडा उगवतो तो वेगळा. ३६! आमच्याकडे पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले की पेढे वाटतात. इथे नवरदेव ज्या घोडीवर बसून मांडवात निघालाय, तिच्या तोंडात वरचे १८ आणि खालचे १८ समोरासमोर उभे, ३६ च्या ३६. ते जुळेनासे झाले की मग ३६ चा आकडा.

बिजलीचे ते जुळत नव्हते. हे आबांना दिसलं, आणि तोंडात बघून नव्हे, पायाखाली बघून. गव्हाणीखाली चघळून टाकलेल्या गवताचे गोळे पडले होते, ओले, दोरीसारखे वळलेले, बोटभर लांब. आबांनी काठीने एक उलटवला. मग शेजारची लीद उलटवली. लिदीत हरभऱ्याचे दाणे अख्खे होते, धुऊन परत तोबऱ्यात घालता आले असते.

"चाचा, तुमचं घोडं पेंड खात नाही," आबा म्हणाले.

"खाते ना. दोन टाइम चंदी देतो. हरभरा, भुसा."

"खाते, पण चावत नाही."

आजवर घोड्याच्या तोंडात ज्याने ज्याने डोकावलं तो भाव पाडायला. आणि भाव पाडायला पुढचे दात पुरतात. घोडीला जे दुखतं ते मागे असतं, गालाआड, हाताच्या कोपरापर्यंत आत. ओठ उचलून वय काढणाऱ्यांची परंपरा दीड हजार वर्षांची, पण गालावर हात ठेवून दुखतं का विचारणारा त्या परंपरेत क्वचितच. सारंगखेड्यात सौदा ठरतो तेव्हा देवमन आहे का, पंचकल्याणी आहे का, रेवाल चाल कशी आहे, हे सगळं चोख बघतात. दाढा पुढच्या मालकाने बघायच्या.

लग्न पार पडलं. बिजलीनेच पार पाडलं, मामांनी दर थोडा उतरवून. पण आबांचं मन त्या लिदीतल्या हरभऱ्यात अडकलं होतं. त्यांनी चाचांच्या मागे लागून डॉक्टर आणायला लावला. हे सोपं नाही. परळचं पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. मुंबई प्रांतात घोडा हे सरकारचं, लष्कराचं आणि शेटजींचं वाहन होतं त्या काळातलं. रेसच्या घोड्यांचे डॉक्टर आजही ठरलेले असतात. पण ठाणे-कल्याणातला पशुवैद्य हल्ली लॅब्राडॉर आणि पर्शियन मांजरांतून मान वर काढू शकत नाही. वरातीची घोडी आठवते ती लंगडली किंवा तिचं पोट दुखलं की. शेवटी ज्या डॉक्टरबाई मिळाल्या त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "तबेल्यात वर तुळई आहे का?" चाचा घाबरले. ती घोडीचं डोकं दोराने टांगून धरायला हवी होती.

डॉक्टरबाईंनी आल्या आल्या तोंडाला हातच लावला नाही. आधी नुसतं खायला घालून पाहिलं. बिजली एका बाजूने चघळत होती, मान तिरकी करत होती आणि मधेच थांबून विचारात पडत होती. मग बाईंनी तिच्या गालांवर बाहेरून, दाढांच्या ओळीवर, दोन्ही हातांनी हळूच दाबलं. उजवीकडे दाबल्याबरोबर घोडीने मान झटकली. "हं," बाई म्हणाल्या. पुढे त्यांनी तिच्या श्वासाचा वास घेतला, नाकपुडीला नाक लावून. सेक्रेटरी असते तर तिथेच सभा बरखास्त झाली असती. वास गवताचा यावा. कुजका आला तर दाढेत कुठेतरी काहीतरी अडकून सडतंय.

मग गुंगीचं इंजेक्शन. पाचेक मिनिटांत बिजलीचं डोकं खाली आलं, खालचा ओठ लोंबू लागला आणि लग्नात बँडसमोर ती जशी दिसते तशीच हुबेहूब दिसू लागली. तोंड पिचकारीने धुतलं, तेव्हा एका वरातीला पुरेल इतका भुसा बाहेर आला. मग लोखंडी साचा. पुढच्या दातांमध्ये दोन पट्ट्या बसवायच्या आणि कडेचे खटके एकेक दात सरकवत जबडा उघडत न्यायचा. डॉक्टर त्याला माउथ गॅग म्हणतात. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये चांगली चार बोटं मोकळी जागा असते, नुसती हिरडी. लगाम बसतो तो तिथेच. माणसाने ती जागा पाहिली आणि त्याला चाकरी सुचली. बाईंनी तिथूनच हात आत घातला, जीभ कडेने बाहेर काढून मुठीत धरली आणि डोक्याला बांधलेला दिवा लावला.

"या, बघा."

आम्ही ओळीने पाहिलं. प्रत्येक बाजूला वर सहा, खाली सहा, चौकोनी, मोठ्ठ्या, सुरकुतलेल्या दाढा, घट्ट एकमेकींना लागून. वरच्या दाढांची गालाकडची कड धारदार झाली होती, आणि गालाच्या आतल्या बाजूला, बरोबर तिच्या समोर, एक जखम. लाल, कडेने पांढुरकी, रुपयाएवढी. उजवीकडच्या पहिल्या दाढेला खाली वळलेला आकडा.

"यावर लगाम ओढला की गाल त्या कडेवर दाबला जातो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

चाचा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणून ही डावीकडे वळताना ऐकते, उजवीकडे नाही. मला वाटलं नाटकं करते."

असं का होतं त्याची गोष्ट साधी आहे. घोड्याचा वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद. तो उभा चावत नाही, आडवा दळतो. माळावर सोडलेला घोडा दिवसाचे सोळा-सोळा तास चरतो, गवतातली वाळूसारखी कच दाढा झिजवते, आणि लांब लांब आडव्या फेऱ्यांनी त्या सगळ्या रुंदीभर सारख्या झिजतात. शहरात त्याला दोन वेळची चंदी. दाणा खायला फेरी आखूड पुरते. मग वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड घासायची राहते. दात तर वर सरकतोच आहे, त्या कडांना धार चढते. थोडक्यात, डोंबिवलीत गवत मिळत नाही म्हणून घोडीचा गाल कापला जातो.

आमच्या आजीच्या वेळी दळणाचं जातं गुळगुळीत झालं की दारावर टाकीवाली येई, छिन्नीने दगडाला पुन्हा खडबडीत करून जाई. घोड्याच्या दाढेचं काम म्हटलं तर तेच, म्हटलं तर उलटं. दळायचा खडबडीत माथा जसाच्या तसा ठेवायचा आणि फक्त कडा कानशीने घासायच्या. डॉक्टरबाईंची कानस हातभर दांड्याची होती. ती आत गेली आणि आवाज सुरू झाला, लोखंडी खिडकी घासावी तसा. आपल्याच दातांत शिवशिवणारा. पांढरी भुकटी बाईंच्या कोपरापर्यंत चढली. चाचांनी डोळे मिटले. आबांनी स्वतःच्या गालावर हात ठेवला. बिजली मात्र झोपेत उभी. तिच्या त्या कडांना संवेदना फारशी नसते, दुखणं होतं ते गालाचं.

मधूनमधून बाई थांबत, हात आत घालून बोटाने चाचपत आणि पुन्हा थोडंसं घासत. चाचांनी सुचवलं, एकदाच भरपूर घासून टाका, दोन वर्षं बघायला नको. हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे. रस्त्याचं डांबरीकरणही आपण याच धोरणाने करतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चाचा, दाढेचा साठा जन्मतः मिळालेला असतो. हाडात पुरलेली लांबलचक दाढ, तीच आयुष्यभर थोडी थोडी वर येते. तिशीच्या आसपास साठा संपतो. मी आज जादा घासलं तर तिच्या म्हातारपणातलं घासलं."

चाचांना हे भविष्यनिर्वाह निधीचं गणित चटकन कळलं.

काम आटोपल्यावर बाईंचं लक्ष खुंटीवरच्या सामानाकडे गेलं. खोगीर, रिकिबी, घुंगरांचा पट्टा आणि एका कोपऱ्यात गंजलेला काटेरी लगाम. जनावरांना काटे असलेला लगाम घालायला १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, पण नियमाला साठ वर्षं होऊन गेली तरी खुंट्या रिकाम्या झालेल्या नाहीत. चाचा म्हणाले, तो वडिलांच्या वेळचा, आपण वापरत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, वापरत नाही तर मला द्या, आणि उत्तराची वाट न बघता तो पिशवीत टाकला.

मग योजना. तबेल्यात कोरा कागद कुठला; एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर, जिथे आहेर आणू नये असं छापलेलं असतं त्याच्या मागच्या बाजूला, बाईंनी लिहायला घेतलं. शिंगराला २४ दुधाचे दात असतात. अडीच ते पाच या वयात ते पडून नवे येतात, त्या काळात दर सहा महिन्यांनी तोंड बघावं. नव्या दाढेवर जुन्याची टोपी अडकून बसली तर काढावी लागते. पुढे तब्येत ठीक असेल तर वर्षातून एकदा. उतारवयात पुन्हा सहा महिन्यांनी. बिजलीला यंदा दोनदा, कारण आकडा एका बैठकीत सगळा काढायचा नाही. गाल भरेपर्यंत दहा दिवस लगाम नाही. चंदी भिजवून. वाळलं गवत जास्त, दाणा कमी. आणि लग्नघरातून आलेले पाव, जिलब्या पूर्ण बंद. धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवायचं नाही, घोड्याला तो फार लवकर धरतो.

"दहा दिवस लगाम नाही म्हणजे दहा दिवस वरात नाही," चाचा म्हणाले. इथे खरी बैठक सुरू झाली. आबांनी खिशातून कालनिर्णय काढावं तसं मोबाइलमधलं पंचांग काढलं. मार्गशीर्षात हिला हात लावायचा नाही. पौषात मुहूर्त विरळ, पण ठाण्याचं एक बुकिंग आहे. फाल्गुनाच्या शेवटी आणि चैत्र पाडव्याला जिजाऊ बसणार, ती तारीख हलत नाही. वैशाख म्हणजे तर पीक. डॉक्टरबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांनी पंचांगाच्या मधोमध बोट ठेवलं. आषाढी एकादशीला देव झोपतात, कार्तिकीला उठतात; मधल्या चार महिन्यांत कोणी बोहल्यावर चढत नाही. देव झोपलेले असताना घोडीच्या दाढा घासायच्या. एकदा आषाढीनंतर, एकदा तुळशीच्या लग्नाआधी. म्हणजे पहिल्या मुहूर्ताला तोंड तयार.

हिंदू धर्मशास्त्रात चातुर्मासाची कारणं पुष्कळ दिली आहेत. हे कारण त्यांत कुठे नाही, पण माझ्या मते सगळ्यांत व्यवहार्य हेच आहे.

फी ऐकून चाचा गप्प झाले. आकडा मी सांगत नाही. एवढंच सांगतो की आमच्या जिन्यावरच्या दवाखान्यात तेवढ्यात एका दाढेचा एक्स-रे आणि पाठीवर थाप मिळते. इथे २४ दाढा, गुंगी, जाण्यायेण्याचं पेट्रोल आणि कोपरापर्यंत भुकटी. चाचांनी विचारलं, हप्ते चालतील? बाई म्हणाल्या, चालतील. कल्याण-डोंबिवली नगरीत घोडीही हप्त्यावर आली.

जाताना डॉक्टरबाईंनी एक रीतसर कार्ड करून दिलं. नाव बिजली, रंग पांढरा, खुणा, इंजेक्शनच्या तारखा, दातांची नोंद, आणि दातांवरून अंदाजे वय: १४. चाचांना कार्डाचं फार अप्रूप वाटलं. त्यांनी ते लॅमिनेट करून तबेल्याच्या दारावर, परवान्याच्या शेजारी टांगलं. कल्याणात असं कार्ड असलेली दुसरी घोडी त्यांच्या पाहण्यात नव्हती. गवताचे गोळे पडणं थांबलं, लिदीत भुगा दिसू लागला, आणि बिजली उजवीकडेही वळू लागली. इतकी, की पुढच्या वरातीत बँडवाल्यांची चुकामूक झाली.

मग एक गिऱ्हाईक आलं. डोळ्यांवर चष्मा, हातात डायरी, बहुधा सेक्रेटरीच कुठल्यातरी सोसायटीचे. त्यांनी झूल पाहिली, दर ऐकला आणि दारावरचं कार्ड वाचलं.

"चौदा वर्षांची घोडी? मग पाचशे कमी करा."

"साहेब, नवरदेवाचं वजन किती?" चाचांनी विचारलं.

"असेल नव्वद. का?"

"त्याचे मी जादा लावले का?"

सौदा ठरला, पण तीनशे गेलेच. त्या संध्याकाळी चाचांनी कार्ड दारावरून काढून ट्रंकेत, आतल्या कप्प्यात, रेशनकार्डाखाली ठेवून दिलं. बिजली पुन्हा सात वर्षांची झाली. आणि आषाढीच्या आधी, कोणी आठवण न करता, त्यांचा आबांना फोन आला: डॉक्टर मॅडमना कधी बोलवायचं, आणि यंदा तुळशीचं लग्न कुठल्या तारखेला पडतंय?